माध्यमांतर, चित्रपटमालिका आणि प्रेक्षकाची निष्ठा

१

‘पुस्तकात असे नव्हते’ हा अभिप्राय समीक्षाव्यवहारात फारशा गांभीर्याने घेतला जात नाही. कादंबरीवरून चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका तयार झाली, की सर्वसामान्य प्रेक्षक तिची तुलना मूळ कृतीशी करतो आणि समीक्षक त्याला बजावतो, की माध्यम बदलले की कृतीही बदलते. मूळ संहितेशी निष्ठा हा माध्यमांतराच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही. तात्त्विकदृष्ट्या हे उत्तर बरोबर आहे. परंतु त्यामुळे प्रेक्षकाच्या अभिप्रायाचा उलगडा होत नाही. प्रेक्षक खरोखरच शब्दनिष्ठेची मागणी करीत असतो काय, की ‘पुस्तक’ या शब्दाने त्याला आणखी काही सुचवायचे असते? एकाच नावाचे दोन-दोन, तीन-तीन चित्रपट निघण्याच्या, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत ‘फ्रँचाइज’च्या, आजच्या काळात या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

हा विचार महानगरी प्रेक्षकाऐवजी तालुक्याच्या गावातील प्रेक्षकाच्या बाजूने केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्यातील, पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. नदी ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. साहजिकच येथील वऱ्हाडीत पलीकडच्या नांदेड-हिंगोलीकडील बोलीची वळणे मिसळतात. येथील प्रेक्षकाला प्रमाण मराठी शाळेत भेटते, हिंदी पडद्यावर भेटते. कथा ऐकण्याची सवय मात्र त्याला बहुधा हरिनाम सप्ताहाच्या मांडवात लागलेली असते. ही सवय म्हणजे अडाणीपणा नव्हे. ती एक संकेतव्यवस्था आहे.

२

सप्ताहात किंवा चातुर्मासात श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चे वाचन होते तेव्हा श्रोत्यांना कथेचा शेवट ठाऊक असतो. तीच कथा गतवर्षीही ऐकलेली असते. कीर्तनाच्या उत्तररंगात कीर्तनकार आख्यान लांबवतो, आखडतो, त्यात गावातला दाखला घालतो. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. पुनरावृत्तीतून मिळणारा आनंद हा मालिकारूप कथनाचा पाया असल्याचे उंबेर्तो एकोने १९८५ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले होते. मराठी श्रोत्याला हा आनंद अपरिचित नाही. तेव्हा ‘तेच ते पुन्हा दाखवतात’ किंवा ‘मूळ बदलतात’ एवढ्यापुरती त्याची तक्रार मर्यादित असणे संभवत नाही.

या परंपरेत निवेदकाला दिलेले स्वातंत्र्य सशर्त असते. निवेदक श्रोत्यांसमोर उभा असतो आणि त्यांना उत्तरदायी असतो, ही एक अट. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळो वा न मिळो, तो प्रश्नच गाळून सभापर्वाचे आख्यान लावता येत नाही. वस्त्रे, अलंकार, उपमा, दृष्टांत हे सारे बदलता येते. प्रश्न बदलता येत नाही. ज्या पेचामुळे कथा सांगण्याची गरज निर्माण झाली, त्याला येथे ‘मूलप्रश्न’ असे म्हणू. ‘पुस्तकात असे नव्हते’ या अभिप्रायामागे पुष्कळदा मूलप्रश्न हरवल्याची जाणीव असते. प्रेक्षकाजवळ ती व्यक्त करणारी परिभाषा नसते, इतकेच.

३

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) आणि त्यावरून शशांक खेतान यांनी हिंदीत केलेला ‘धडक’ (२०१८) यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. करमाळा परिसराची बोली आणि तेथील जातवास्तव यांतून ‘सैराट’चे कथन आकाराला येते. ‘धडक’ ते उदयपूरला नेतो. शेवटही बदलतो: ‘सैराट’मध्ये आर्ची आणि परश्या दोघांचाही बळी जातो व मूल उरते; ‘धडक’मध्ये पती आणि मूल मारले जातात व नायिका उरते. क्रौर्याच्या मापाने पाहिले तर दुसरा शेवट सौम्य म्हणता येणार नाही. तरीही ‘सैराट’ पाहिलेल्या प्रेक्षकाला तो उणा वाटला, तर त्याचे कारण शेवटात शोधून सापडत नाही. ‘धडक’मध्ये घराण्याची प्रतिष्ठा आणि राजकीय महत्त्वाकांक्षा पुढे येतात, जात पार्श्वभूमीला जाते. क्रौर्य कायम राहिले, त्याचे कारण तेवढे पुसट झाले. आर्चीची बोली उमरखेडच्या प्रेक्षकाची बोली नव्हे. पण गावात कोणाचा शब्द चालतो आणि कोणी मान खाली घालायची असते, हे तिच्या बोलण्याच्या ढंगावरूनच त्याला उमगते.

पुढील घटना याहून बोलकी आहे. २०२५ मध्ये शाझिया इक्बाल यांचा ‘धडक २’ आला. त्यात पहिल्या चित्रपटातील पात्रे नाहीत, कथानकही नाही. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटाचे ते रूपांतर आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी जातच आहे. म्हणजे ‘सैराट’मधून निघालेले नाव ज्या प्रश्नाला मागे सारून पुढे गेले, तोच प्रश्न त्या नावाखाली तमिळमधून परत आला. यावरून फ्रँचाइजचे स्वरूप स्पष्ट होते. नाव ही मालमत्ता आहे; ते हस्तांतरित करता येते, त्याला क्रमांक जोडता येतो. मूलप्रश्न मात्र कोणाच्याही मालकीचा नसतो.

४

येथवरचे विवेचन प्रेक्षकाच्या बाजूने झाले. परंतु त्याची प्रत्येक तक्रार मूलप्रश्नाशी निगडित असते असे मानणे भाबडेपणाचे होईल. ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’ (२०१८) पासून ‘शिवरायांचा छावा’ (२०२४) पर्यंत शिवकाळावरील सहा चित्रपटांची मालिका सादर केली. संभाजी महाराजांचे चरित्र २०१७ ते २०२० या काळात दूरचित्रवाणीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मधून घरोघर पोचले होते. त्यानंतर शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या ‘छावा’ या कादंबरीवर आधारित, लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

प्रदर्शनापूर्वी जानेवारीत झलक येताच महाराज लेझीम खेळतानाच्या दृश्याला आक्षेप घेतला गेला आणि दिग्दर्शकाने ते वगळण्याचे जाहीर केले. प्रेक्षकाचे मत कृती पूर्ण होण्यापूर्वीच संहितेत शिरले. एरवी ही वाचककेंद्री समीक्षेला सुखावणारी घटना ठरावी. परंतु मत कशाविषयी होते? १६७८ साली संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, हा त्या चरित्रातील सर्वांत अवघड पेच. स्वतःच्याच घरात ज्याच्याविषयी संशय घेतला गेला, तो पुत्र पुढे मरणापर्यंत अढळ कसा राहिला, हा कादंबरीचा मूलप्रश्न म्हणता येईल. चित्रपटाचे कथन १६८० मधील शिवाजी महाराजांच्या निधनानंतर उलगडू लागते. त्यात गृहकलह आहे, पण हा पेच मुख्य कथनाबाहेरच राहतो. गदारोळ झाला तो लेझमीवरून. या वगळण्याची तशी चर्चा झाली नाही.

म्हणून प्रेक्षकाच्या निष्ठेचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. एक प्रश्ननिष्ठा, दुसरी प्रतिमानिष्ठा. पहिली कथेला अवघड ठेवते, दुसरी तिला पवित्र करून सोपी करते. चित्रपटमालिकेला दुसरी सोयीची असते, कारण प्रतिमा वाढवता येते, तिचा पुढील भाग काढता येतो. प्रश्नाला मात्र केव्हातरी सामोरे जावेच लागते. हे केवळ मराठीपुरते खरे नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका मूळ कादंबऱ्या अपुऱ्या असतानाच त्यांच्या पुढे गेली आणि २०१९ मध्ये संपली, तेव्हा जगभरचा प्रेक्षक तिच्या शेवटावर नाराज झाला. अनेक वर्षे जोपासलेल्या पेचांना घाईने निकालात काढल्याची ती तक्रार होती.

५

हान्स रॉबर्ट याउसच्या मते श्रेष्ठ कृती वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाला धक्का देते. फ्रँचाइज ते क्षितिज स्वतःच आखते आणि त्याच्या आत राहण्याची हमी देते. या हमीला दाद न देणारा प्रेक्षक समीक्षेचा प्रतिस्पर्धी नव्हे, सहकारी आहे. त्याच्या अभिप्रायातील प्रतिमानिष्ठेची चिकित्सा करणे आणि प्रश्ननिष्ठेला परिभाषा मिळवून देणे, ही दोन्ही कामे समीक्षेचीच आहेत. ‘निष्ठा हा निकष नव्हे’ एवढे सांगून थांबणारी समीक्षा पहिले काम सोडून देते आणि दुसऱ्याची तिला जाणीवही नसते. सप्ताहाच्या मांडवात आख्यान ऐकून उठणारा श्रोता, ‘महाराजांनी तो प्रसंग घेतला नाही’, असे म्हणतो तेव्हा तो समीक्षाच करीत असतो. तोच श्रोता घरी जाऊन मोबाइलच्या पडद्यावर ‘छावा’ पाहतो. तेथे कोणता प्रसंग घेतला नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे याचा त्याला विसर पडू नये.