'अस्थिभंग' ह्या संज्ञेची अपूर्णता

अस्थिभंगाविषयीचे आपले परिभाषिक लेखन वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. संज्ञा हाडापाशीच थांबते. आपल्या शहरातील घाटी रुग्णालयाच्या आवारात नातेवाईक 'हाड जुळेल ना?' एवढेच विचारतात. ह्यात त्यांचा अपराध नाही. दुसरा प्रश्न भाषेने त्यांना पुरविलेलाच नाही.

वस्तुतः जखम उघडी असेल, तर जंतुसंसर्ग होईल की नाही हे भोवतालच्या मृदू ऊतकांवर, म्हणजे त्वचा, स्नायू व रक्तवाहिन्या ह्यांवर, फार अवलंबून असते. चिरडलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की प्रतिजैविकही तेथवर नीट पोहोचत नाही आणि जंतूंना आयता आश्रय मिळतो. गस्टिलो व अँडरसन ह्यांच्या १९७६ च्या वर्गीकरणात म्हणूनच जखमेच्या व्याप्तीला प्राधान्य आहे. कोइमतूरच्या गंगा रुग्णालयातून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुणांकनात तर त्वचा, हाड आणि स्नायू-कंडरा ह्यांना निरनिराळे गुण दिले जातात.

लिस्टरने १८६५ मध्ये ग्लासगो येथे कार्बोलिक आम्लाने ज्या मुलाच्या पायावर उपचार केले, त्याच्या दुखापतीस इंग्रजीत 'कंपाउंड फ्रॅक्चर' म्हणत. त्याचे 'संयुक्त अस्थिभंग' असे भाषांतर करणे म्हणजे जखमेला व्याकरणातील समासाच्या पंक्तीस बसविणे होय. त्यापेक्षा सुश्रुताचा 'सव्रण भग्न' हा प्रयोग कितीतरी नेमका आहे. तेथे व्रणाचा उपचार आधी सांगितला असून उरलेले भग्नाप्रमाणे करावे असा क्रम आहे.

'डेब्रिडमेंट'ची गोष्ट याहून गंभीर. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लगाम काढणे, आवळलेले मोकळे करणे असा. आज त्यात निर्जीव ऊतक कापून काढणे हे मुख्य असते, आणि ते बहुधा एकाहून अधिक वेळा करावे लागते. आपण मात्र 'जखम साफ करणे' म्हणतो. साहजिकच रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले की 'पहिल्यांदा नीट धुतले नव्हते काय?' असा संशय उत्पन्न होतो, संमतीस विलंब लागतो, आणि त्या विलंबात मृत मांस तसेच राहते. 'मेलेले मांस काढणे' हे शब्द कठोर खरे. परंतु ते खरे सांगतात.

'सव्रण'वरही एक आक्षेप संभवतो. त्वचा अखंड राहून आतील स्नायू चिरडला जातो, त्या दुखापतीला हे विशेषण लागू पडत नाही. तिच्यासाठी समाधानकारक शब्द मला अद्याप सुचलेला नाही.