यंत्राचें शोधन आणि गुरुजींची तांबडी शाई

परकी भाषा शिकणाऱ्याच्या लेखनांतील व्याकरणदोष कोणीं दाखवावे, शिक्षकानें कीं यंत्रानें, हा प्रश्न आतां घरोघरच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत येऊन पोंचला आहे. त्याचें मूळ मात्र जुनें आहे. संगणकाकडून निबंध तपासून घेण्याची कल्पना एलिस पेज ह्या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें १९६६ सालींच मांडली होती. आज इंग्रजी निबंध लिहिणारा विद्यार्थी तो शिक्षकापुढें ठेवण्यापूर्वीं ग्रामर्ली किंवा चॅटजीपीटी ह्यांच्या हवालीं करतो, आणि क्षणार्धांत सुधारलेली प्रत त्याच्या हातीं पडते.

यंत्राच्या कैवाऱ्यांचें म्हणणें सहज उडवून लावण्यासारखें नाहीं. साठ वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या शिक्षकाची पहिल्या वहीवरील दृष्टि शेवटच्या वहीपर्यंत टिकत नाहीं. वही परत मिळेपर्यंत आपण काय लिहिलें होतें हें विद्यार्थी विसरूनहि गेलेला असतो. यंत्राला शीण नाहीं, आणि चार मुलांदेखत फजिती करण्याची खोडहि नाहीं.

परंतु ह्या वादांत एक जुना आक्षेप विसरला जातो. जॉन ट्रस्कॉट ह्यांनीं १९९६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्याचा प्रघात निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे. त्यानें भाषा अंगीं मुरत नाहीं. डाना फेरिस ह्यांनीं १९९९ सालीं त्यांना उत्तर दिलें. ज्या चुका नियमांत बसतात, त्या दाखविल्यास विद्यार्थ्याला स्वतः सुधारतां येतात. शब्दयोजनेच्या चुकांची गोष्ट निराळी, असा त्यांनीं भेद केला. आम्हांला फेरिसबाईंचें म्हणणें अधिक ग्राह्य वाटतें. पण त्यांतील मर्म 'स्वतः' ह्या शब्दांत आहे. शिक्षकांच्या धरसोडीवर ट्रस्कॉट ह्यांनीं ठेवलेला ठपका यंत्र कांहीं अंशीं धुवून काढतें. त्यांचा मूळ आक्षेप मात्र यंत्रालाच अधिक लागू पडतो, कारण सुधारण्याचे श्रमहि तेंच करून टाकतें.

मराठी विद्यार्थ्याचीं दोन वाक्यें घ्या. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हें वाक्य यंत्र सहज दुरुस्त करतें. नियम ठरलेला आहे. दुसरा मुलगा लिहितो, 'माय फादर बिकेम अँग्री ऑन मी.' 'ऑन'च्या जागीं 'विथ' घातलें कीं व्याकरण निर्दोष होतें. पण मुलाच्या मनांत आहे, 'बाबा मला रागावले'. म्हणजे त्यांनीं त्याची कानउघाडणी केली. त्याला 'स्कोल्डेड' हा शब्द हवा होता. मनांतला राग आणि तोंडावाटे निघालेला राग हे दोन्ही आपल्या 'रागावणें' ह्या एका क्रियापदांत सामावतात. हें जाणणारा शिक्षक विचारतो, "बाबा नुसते चिडले, कीं तुला बोलले?" त्या एका प्रश्नानें मुलाला दोन्ही भाषा अधिक कळतात. यंत्रालाहि असा प्रश्न विचारावयास लावतां येतें, हें खरें. पण तेवढी जाण ज्याला आहे, त्याला अर्धें उत्तर आधींच सांपडलेलें असतें.

यास्तव यंत्रानें चुकीखालीं फक्त रेघ ओढावी, दुरुस्ती मुलानें करावी, आणि शिक्षकाचा वांचलेला वेळ अर्थ विचारण्यांत जावा, असें आमचें मत आहे. तो वेळ वांचला म्हणून शाळाचालकांनीं त्याच्या गळ्यांत आणखी एक वर्ग बांधला, तर मुलांच्या वह्या स्वच्छ दिसतील. इंग्रजी मात्र होतें तेथेंच राहील.