भूत नव्हतं, मग कोण होतं?

(आधीच सांगतो, या लेखात काही पुस्तकांचे आणि एका सिनेमाचे शेवट फोडले आहेत. शेवटांबद्दल बोलायचं तर दुसरा इलाज नाही.)

मुलांच्या भयकथेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: पोरगं घाबरेल का? रात्री नीट झोपेल ना? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. घाबरायला मिळावं म्हणूनच तर पोरं असलं पुस्तक उघडतात. खरी परीक्षा शेवटच्या प्रकरणात असते. दीडशे पानं साठवत आणलेली ती भीती लेखक शेवटी कुठे नेऊन ठेवतो? ती मुलाच्या हातात येते, हवेत विरते, की कुणाच्या तरी नावावर चढते?

मराठीत या प्रकाराचा एक ठरलेला साचा आहे. सुट्टीत मामाच्या गावी आलेली चार पोरं. गावाबाहेर पडका वाडा. रात्री तिथे दिवा हलतो, पैंजण वाजतात. गावकरी सांगतात, तिकडे फिरकू नका. पोरं फिरकतात. शेवटी कळतं की भूतबित काही नव्हतं. मूर्ती चोरणारी टोळी नाहीतर स्मगलर तिथे माल लपवत होते. फौजदार येतात, पोरांची पाठ थोपटतात, पेपरात फोटो छापून येतो. जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. अशा दुपारी मी या साच्यातली जेवढी पुस्तकं हाताला लागली तेवढी वाचली. दहाव्या-बाराव्या पुस्तकानंतर पैंजण वाजले की मी थेट टोळीचाच विचार करायचो.

या साच्याची टिंगल करणं सोपं आहे, पण त्यामागे एक गंभीर परंपरा आहे. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं शाळाशाळांत जाऊन बाबाबुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवत आले, त्यामागची हातचलाखी आणि रसायनं समजावून सांगत आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. आपल्याकडे ‘भूत नसतं’ हे वाक्य फुकट मिळालेलं नाही. त्यामुळे कथेच्या शेवटी दिवा लावून भूत घालवणाऱ्या लेखकाबद्दल मला आदर आहे.

माझी तक्रार त्यानंतरच्या पानाबद्दल आहे. भूत जातं, पण भीती जात नाही. तिचा फक्त पत्ता बदलतो. वाड्यातला तो माणूस कोण असतो? गावात नवीन आलेला. दाढी वाढलेला. एका डोळ्याने अधू किंवा गालावर व्रण असलेला. कधी बैराग्याच्या वेशातला, कधी कुणाशी न बोलणारा रखवालदार. तिसऱ्या प्रकरणात तो दिसतो तेव्हाच पोरांना त्याचा संशय येतो आणि शेवटी तो संशय खरा ठरतो. भुताला चेहरा नव्हता, आता भीतीला चेहरा मिळाला. वाचणारं पोर शिकतं की भूत खोटं असतं आणि परका माणूस खरा असतो.

याला अतिशयोक्ती म्हणायच्या आधी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. साक्री तालुक्यातलं छोटं गाव. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. त्या आधी कित्येक आठवडे ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण गावात आले होते. त्यांच्यावर संशय घेतला गेला, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्यांना मारलं. पाचही जण मेले.

त्या जमावाने बालकादंबऱ्या वाचल्या होत्या असं मी म्हणत नाही. पण त्या मेसेजचा आराखडा पाहा: धोक्यात असलेली मुलं, अनोळखी वेश, आधीच ठरलेला संशय, आणि गावाने मिळून केलेला ‘उलगडा’. हा आराखडा आपल्याला इतका ओळखीचा आहे की तो फॉरवर्ड करताना कुणाला पुरावा मागावासा वाटला नाही. म्हणून मला मुलांच्या गोष्टींचे शेवट ही किरकोळ बाब वाटत नाही. कुणाला घाबरायचं, याचे पहिले धडे तिथे गिरवले जातात.

आता हीच फूटपट्टी घेऊन जगभर वाचल्या जाणाऱ्या काही शेवटांकडे जाऊ.

रोआल्ड डालचं ‘द विचेस’ १९८३ चं. चेटकिणी एका मुलाला उंदीर बनवतात आणि डाल त्याला शेवटपर्यंत माणूस करत नाही. उंदीर झालेलं पोर आजीला विचारतं, मी किती जगेन? आजी सांगते, साधारण नऊ वर्षं. आजी शहाऐंशीची. पोराला हिशेब कळतो, दोघं बरोबरच जातील, आणि तो खूश होतो. मुलांच्या पुस्तकात मृत्यूबद्दल इतकं सरळ बोलणं झालेलं मी क्वचितच वाचलं आहे. १९९० च्या सिनेमात शेवटी त्याला पुन्हा मुलगा केलं. डालला ते अजिबात पटलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. सिनेमाने प्रेक्षकांना दिलासा दिला खरा, पण आजी-नातवाच्या त्या हिशेबाचं वजन काढून घेतलं.

तरीही हे पुस्तक मी भाच्याच्या हातात देईन ते त्याच्याशी बोलून मगच. कारण चेटकीण कुठल्याही साध्या बाईसारखी दिसते, शेजारीण असू शकते, शाळेतली बाईसुद्धा असू शकते, हा त्या पुस्तकाचा पाया आहे आणि शेवटही तो पाया हलवत नाही. आजी आणि उंदीर उरलेल्या चेटकिणींना संपवायच्या मोहिमेची आखणी करत असतात. लंडनच्या वाचकाला ही गंमत वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा अर्थ बदलतो. आमच्या वरच्या अंगाला आदिवासी पाड्यांत बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण करण्याच्या, गावाबाहेर काढण्याच्या घटना घडत आल्या आहेत. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून छळणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा केला, तो उगाच नाही.

मराठी रंगभूमीने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ मध्ये नव्याने आलेल्या प्रयोगात वैभव मांगले यांनी केली. साडी नेसलेला पुरुष, मोठं नाक, मोठ्या बढाया. मुलांना ती खोटी आहे हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. ती हरते, आणि तरी पोरं घरी जाताना नक्कल तिचीच करतात. या चेटकिणीचा चेहरा गल्लीतल्या कुठल्याही बाईला लावता येत नाही.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांचं इंग्रजी सुधारलं ते आर. एल. स्टाइनच्या ‘गूजबम्प्स’वर. १९९२ ते १९९७ मध्ये मूळ मालिकेची बासष्ट पुस्तकं आली. तिथला शेवट म्हणजे शेवटच्या पानावरचा धक्का. ‘द हाँटेड मास्क’मध्ये चेहऱ्याला चिकटलेला मुखवटा कार्ली बेथच्या आईने केलेल्या तिच्याच पुतळ्यामुळे, म्हणजे प्रेमाच्या खुणेमुळे सुटतो. आपण सुस्कारा सोडतो, तेवढ्यात धाकटा भाऊ तो मुखवटा घालून समोर येतो. मजा येते. पण सगळी पुस्तकं ओळीने वाचली की थकवा येतो. प्रोग्रॅमिंगमध्ये रिकर्शन लिहिताना थांबायची अट द्यावी लागते, नाहीतर फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं. स्टाइनकडे ती अट नाही. पोराने काय केलं याला मग अर्थच राहत नाही, कारण शेवटचं पान सगळं पुसणार असतं. स्टाइनच्या बाजूने एवढं मात्र म्हणावं लागेल की त्याची भीती बहुतेकदा एखाद्या वस्तूत असते, मुखवट्यात, बाहुल्यात, कॅमेऱ्यात. माणसांच्या एखाद्या जमातीवर ती सहसा चढत नाही.

माझ्या मते या फूटपट्टीवर सर्वांत खरं उतरतं ते नील गेमनचं ‘कोरलाइन’ (२००२). कोरलाइनच्या इमारतीत विक्षिप्त शेजारी आहेत. वरच्या मजल्यावरचा म्हातारा उंदरांची सर्कस शिकवतो म्हणतो, खाली दोन जुन्या नट्या कुत्र्यांबरोबर राहतात. आपल्या साच्यात हेच तिघं संशयित ठरले असते. इथे ते निरुपद्रवी निघतात, उलट धोक्याचा इशारा त्यांच्याकडूनच येतो. भयंकर आहे ती भिंतीपलीकडची ‘दुसरी आई’, जी जास्त चविष्ट जेवण देते, जास्त लक्ष देते आणि डोळ्यांच्या जागी बटणं शिवू पाहते. धोका गोड बोलणाऱ्याच्या, आपलं म्हणवणाऱ्याच्या रूपात येतो. कोरलाइन आईबाबांना सोडवून आणते, तरी दुसऱ्या आईचा तुटलेला हात मागे लागतोच. मग ती विहिरीवर बाहुल्यांच्या चहापानाचं नाटक मांडते आणि त्या हाताला आत पाडते. आईबाबांना यातलं काहीच आठवत नाही. फौजदार नाही, पेपरातला फोटो नाही. आपण काय केलं ते फक्त तिला माहीत आहे.

असा शेवट आपल्याकडे नाही असं समजू नका. तो जुना आहे. ‘चांदोबा’ वाचणाऱ्या पोरांनी महिन्यामागून महिने खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम पाहिला. राजा उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर. मासिकातली ती मालिका संपायचीच नाही, म्हणून मूळ ‘वेताळ पंचविशी’चा शेवट अनेकांना ठाऊकच नसतो. शेवटच्या कोड्यावर राजा निरुत्तर होतो, गप्प चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होऊन सांगतो: ज्या साधूसाठी तू मला नेतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे. म्हणजे ज्याची भीती वाटत होती ते प्रेत मित्र ठरलं आणि दरबारात रोज फळ आणून देणारा, ज्याला राजाने मान दिला, तो घातकी. खलनायक इथेही साधूच आहे हे खरं. पण त्याचा वेश पाहून कुणी त्याला दोषी ठरवलेलं नाही. उलट त्या वेशामुळेच त्याच्यावर विश्वास बसला होता. राजाला खरं कळलं ते अमंगळ दिसणाऱ्याचं बोलणं रात्रभर ऐकून घेतल्यामुळे.

नारायण धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ (२०१८) हा काही मुलांचा सिनेमा नाही. पण त्याचा शेवट एका मुलाच्या हातात आहे. विनायक सोन्याच्या हव्यासापायी हस्तरसारखाच होऊन बाहेर येतो आणि सोनं मुलापुढे धरतो. पांडुरंग ते घेत नाही, आणि बापाला जाळून मोकळं करतो. तीन पिढ्यांची भीती वाड्याबाहेरच्या कुणावर ढकललेली नाही. ती घरातली होती आणि घरातच मिटली.

मराठीत मुलांसाठी भयकथा लिहिणाऱ्यांकडून मला एवढंच हवं आहे. पडका वाडा राहू द्या, पैंजण वाजू द्या, भूत नसेल तर नसू द्या. तिसऱ्या प्रकरणातला तो व्रण असलेला अनोळखी माणूसही राहू द्या. पोरांना त्याचा संशय येऊ द्या, आणि मग शेवटी तो संशय खोटा ठरवा. दिवा हलवणारा गावातलाच कुणी प्रतिष्ठित निघू द्या, ज्याच्या घरी पोरं रोज सरबत प्यायला जात होती.

आणि तुम्ही यंदा कुणा भाच्या-पुतण्याला असलं पुस्तक भेट देणार असाल, तर त्याने वाचून संपवल्यावर ‘घाबरलास का?’ विचारू नका. ‘त्यातलं वाईट कोण निघालं?’ असं विचारा. मग त्यालाच विचारा, ‘तुला त्याचा संशय कशावरून आला होता?’