मुक्या साक्षीदाराचा वृत्तांत आणि यंत्राची भाषा

प्राण्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणाचा वृत्तांत हा पंचनामा आणि कथा यांच्या सीमेवर वावरणारा लेखनप्रकार आहे. पंचनाम्याकडून तो तपशिलाची शिस्त घेतो. कथेकडून वाचकाचे मन हलविण्याची शक्ती. ज्याच्यावर आघात झाला त्याला वाचा नसते. म्हणून त्याच्या वतीने उच्चारलेले शब्द कोठून आले, हा प्रश्न येथे शैलीपुरता उरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून असे वृत्तांत लिहवून घेणे आता सुलभ झाल्याने तो अधिकच निकडीचा झाला आहे.

मुक्याच्या वतीने बोलण्याचा प्रघात तसा जुना. ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेने १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’त घोड्यालाच निवेदक केले. मार्गारेट मार्शल साँडर्स या कॅनेडियन लेखिकेची ‘ब्यूटिफुल जो’ (१८९३) ही कादंबरी या संदर्भात अधिक बोधप्रद आहे. मालकाने कान व शेपूट छाटलेला तो कुत्रा ऑन्टॅरिओतील मीफर्ड गावी खरोखरच होता. परंतु एका अमेरिकन संस्थेच्या स्पर्धेसाठी लेखिकेने कथा मेन राज्यात नेली आणि निवेदन कुत्र्याच्या मुखी घातले. यात वंचना नाही. बोलणारा कुत्रा हीच तेथे कल्पिताची उघड खूण आहे. यंत्रलिखित वृत्तांतावर अशी कोणतीच खूण नसते.

अफाट लेखनसंग्रहावरून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द संभवतो, हे यंत्र शिकलेले असते. समजा, कार्यकर्त्याच्या टिपणात एवढेच आहे : ‘बैल, वय अंदाजे आठ वर्षे, उजव्या मागच्या पायावर जुनी जखम, दावणीपाशी पाणी नाही.’ यंत्र सहज लिहून जाईल की, निर्दय मालकाने कित्येक दिवस तहानलेल्या ठेवलेल्या व अमानुष मारहाण केलेल्या त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांतून आसवे ओघळत होती. वाक्य घाटदार खरे. पण ‘कित्येक दिवस’ कोणी मोजले? मारहाण कोणी पाहिली? जखम कुंपणाच्या तारेचीही असू शकेल. आसवे तर केवळ वाङ्मयीन सवयीतून आलेली. यंत्राचा खोटे बोलण्याचा हेतू असतो असे नव्हे. अशा कथांत जे नेहमी आढळते तेच ते पुरविते. (नवशिका कथाकारही हेच करतो, मात्र त्याच्या लेखनावरून कोणी तुरुंगात जात नाही.)

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० साली झाला तेव्हा त्याच्या ११ व्या कलमाने पहिल्या अपराधाला पन्नास रुपयांपर्यंत दंड ठरविला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये प्राण्यास ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. एवढे पणाला लागलेले असता पदरचे एक विशेषण निरपराध माणसाला गोत्यात आणू शकते. उलट, एकच तपशील कल्पित असल्याचे उलटतपासणीत उघड झाले, तर खऱ्या अपराध्यालाही सुटकेची वाट मिळते.

म्हणून यंत्र वर्ज्य करावे, असे मात्र नव्हे. विस्कळित नोंदी कालक्रमाने लावणे, पशुवैद्याची परिभाषा सुबोध करणे, टिपणात काय राहून गेले ते दाखविणे, ही कामे ते चांगली करते. आणि अशी प्रकरणे रोज हाताळून थकलेल्या कार्यकर्त्याचा भार त्यामुळे थोडा हलका होत असेल, तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु मजकूर यंत्राच्या हाती देण्यापूर्वी संशयिताचे नाव व गाव काढलेले असावे, आणि उतरलेल्या प्रत्येक वाक्याला मूळ नोंदीत आधार दाखविता यावा. अतिरंजनाइतकेच सौम्यीकरणही घातक. ‘कान छाटले’ याचे ‘दुखापत झाली’ होता कामा नये. अखेरचे वाचन ज्याने जखम पाहिली त्याचेच हवे.

कोरड्या वृत्तांताने देणगीदार द्रवत नाहीत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याने टिपणातील शेवटची नोंद पुन्हा वाचावी. ‘दावणीपाशी पाणी नाही’ या शब्दांत तेथे उभे राहून पाहणारा माणूस आहे. त्यांचे ‘तहानेने व्याकूळ’ केले की तो नाहीसा होतो.