कादंबरीतला ‘पण’

हरिभाऊ आपट्यांच्या दोन सर्वश्रुत कादंबऱ्यांच्या नावांत ‘पण’ हा शब्द आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’. पहिली सामाजिक, दुसरी ऐतिहासिक, म्हणून आपण त्यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. वास्तविक दोन्हींचा लेखक एकच आहे, आणि त्याचे दुखणेही एकच आहे. यमूचे केशवपन ज्याच्या लेखणीला सहन झाले नाही, त्यानेच पुढे सती जायला निघालेली रजपूत कमलकुमारी रंगवली. उदयभानू तिला चितेपासून ओढून नेतो तो तिच्यावर दया करण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. तिने मरावे हे एका पुरुषसमाजाने ठरवलेले आणि तिने जगावे हे दुसऱ्या पुरुषाने. तिला कोणी विचारलेले नाही. सिंहगडच्या लढाईची कथा हरिभाऊंना या बाजूने सुचली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. (हरिभाऊंना पदवी मिळाली नव्हती, हेही आम्हां मॅट्रिकवाल्यांना उगाच बरे वाटते.)

‘उषःकाला’च्या मानाने ही कादंबरी अगदी आटोपशीर आहे, लघुकादंबरी म्हटले तरी चालेल. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट शाळकरी मुलाने दिवाळीच्या सुट्टीत दोन बैठकींत संपवावी एवढीच. लढाईची म्हणून ती ओळखली जाते, पण वाचकाच्या मनात घर करतात त्या लढाईआधीच्या गोष्टी. रायबाचे लग्न, त्याचे आमंत्रण घेऊन निघालेला बाप, अर्ध्यावर राहिलेले कार्य, आणि गडावर कोंडलेल्या बाईचे दिवस मोजणे. तलवार शेवटी निघते. निघते तेव्हा ती कोणाच्या घरावर पडणार आहे, हे आपल्याला ठाऊक झालेले असते. म्हणूनच तो ‘पण’ जड होतो.

हा ‘पण’ पडद्यावर कसा दाखवायचा? हा प्रश्न प्रथम अंगावर घेतला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. १९२३ साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ हा मूकपट आला, तो हरिभाऊंच्या कादंबरीवरून. हरिभाऊ १९१९ मध्येच गेले होते. आपली कथा हलताना त्यांनी पाहिली नाही.

पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्या जोडीने त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले आणि बाबूरावांनी तो पुरा केला. कंपनीला पैसा दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. १९२० च्या ‘सैरंध्री’ने नाव झाले आणि टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. परंतु पुराणकथा वेगळी आणि सिंहगड वेगळा. कीचक कोणी पाहिलेला नव्हता. तानाजी मात्र पुणेरी माणसाने पोवाड्यात ऐकलेला, कादंबरीत वाचलेला, आणि गड तर डोळ्यांसमोर उभा.

खरी अडचण होती ती रात्रीची. माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे हा सगळा पराक्रम अंधारावर उभा आहे. कोणाला दिसले नाही म्हणून तो साधला. आणि चित्रपट म्हणजे दिसणे! त्या काळचे चित्रण सूर्यप्रकाशात होई. पांढरे कापड ताणून आणि उजेड परतवणाऱ्या फळ्या धरून नटांच्या तोंडावर ऊन आणायचे, ढग आला की हात बांधून बसायचे. रात्र हवी असली तर दिवसा चित्रण करून पट्टी निळी रंगवायची, हा सर्रास रिवाज होता. शिवाय तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. तो काळा उतरे. भगवा काळवंडे आणि रक्त शाईसारखे दिसे. ज्या कथेत झेंडा आणि रक्त हेच दोन रंग, तिची ही दशा.

पेंटरांनी निळ्या पट्टीवर भागवले नाही. त्यांनी विजेचे कृत्रिम दिवे लावून रात्र उभी केली. हिंदुस्थानी चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा पहिला वापर म्हणून ‘सिंहगड’चे नाव घेतले जाते ते यासाठी. चित्रकाराचाच हा विचार. काळोख दाखवायचा तर काळोखाला कडा लागते, आणि कडा उजेडाची असते.

शिवाजीची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली. चित्रणात ते घोड्यावरून पडले, आणि त्या दुखापतीचा परिणाम पुढे त्यांच्या बोलण्यावर राहिला, असे सांगतात. मूकपटाच्या दिग्दर्शकाची वाचा जावी, यावर एखाद्या नाटककाराने कोटी केली असती. मला ती करवत नाही. शेलारमामा केला व्ही. शांताराम यांनी. जन्म १९०१ चा, म्हणजे वय बाविशीच्या आतबाहेर, आणि सोंग पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याचे. पुढे ज्याने पडदा गाजवला तो त्या पोरवयात भावाबहिणींच्या मुलांची शोकांतिका पाहणारा मामा झाला होता, ही गोष्ट मला चित्रपटाच्या कीर्तीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

चित्रपट चालला, असा चालला की सरकारचे लक्ष त्याच्या गल्ल्याकडे गेले आणि त्यातूनच करमणूक कर आला, अशी कथा आहे. मुंबई इलाख्यात त्या कराचा कायदा १९२३ चाच, एवढे खरे. स्वराज्याच्या लढाईवर परक्या सरकारने पट्टी बसवावी, हा प्रकार हरिभाऊंना पुरेसा उपरोधिक वाटला असता.

आता अडचण टीकाकाराची. हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही. पेंटरांच्या मूकपटांचे नशीब एकूण हेच. एखाद्या ‘मुरलीवाला’चे तुकडे उरले. न पाहिलेल्या कृतीवर मत देणे मला शोभत नाही, आणि मी देतही नाही. मी पाहतो ते इतकेच, की या माणसापुढे प्रश्न योग्य होता. काय झाकायचे हे त्याला ठरवावे लागले, कारण दाखवण्याचे सामर्थ्यच थोडे होते.

१९३३ मध्ये शांतारामांनी प्रभातसाठी कादंबरी पुन्हा घेतली. आता बोलपट, गोविंदराव टेंबे यांचे संगीत. गुरूच्या चित्रात मामा झालेला शिष्य दहा वर्षांनी कॅमेऱ्यामागे उभा राहिला. पण बोलपटाने नवे संकट आणले. कडा चढणाऱ्या मावळ्यांचा खरा गुण म्हणजे शांतता, आणि प्रेक्षक तर पैसे देऊन ऐकायला आलेला. त्याला गाणे हवे. या चित्रावर याहून अधिक लिहावे असे मला सुचत नाही.

मधली वर्षे सोडतो. २०२० च्या जानेवारीत ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला. तो कादंबरीवर आहे असे म्हणता येणार नाही, पण सती जाणारी आणि उदयभानाने पळवलेली कमल त्यात आहे, आणि ती हरिभाऊंच्याच घरची लेक आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात सपाट काळे रान आणि पऱ्हाटी. सह्याद्रीचा कडा पोरांनी पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. पडद्यावर तो कडा उभा राहिला तेव्हा माझ्या वर्गातली पोरे हरखून गेली, आणि त्याबद्दल मी चित्रपटाचा ऋणी आहे. मात्र त्या चित्रपटाला अंधाराची अडचण उरलेली नाही. यंत्राने हवी तशी रात्र मिळते, हवा तेवढा कडा मिळतो, आणि ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफही मिळते. अडचण नाही म्हणून निवडही नाही. कमल येते, उदयभानाचे वेड आपल्याला समजावे एवढ्यापुरती, आणि बाजूला होते. सैफ अली खान यांचा उदयभान मनात राहतो. जिच्यासाठी हरिभाऊंनी लेखणी उचलली ती राहत नाही.

तोफेविषयी एक सांगायला हवे. आमच्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. २०१६ च्या मेअखेर तिथे मध्यरात्री आग लागून स्फोट झाले, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे गेली, आजूबाजूची गावे रात्रीतून रिकामी करावी लागली. त्या बाजूचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. ‘तान्हाजी’वर सगळे बोलत होते तेव्हा त्याने एकच विचारले, “गुरुजी, तोफ फुटल्यावर खालच्या गावाचं काय झालं, ते नाही दाखवलं?” मी म्हटले, “नाही दाखवलं.” तो खाली बसला.

दुसरी मुले दरवर्षी विचारतात ते घोरपडीचे. खरी का हो? मी सांगतो की ती तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही. आणि ‘सिंहगड’ हे नावही १६६३ च्या पत्रात सापडते, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी. मुले हिरमुसतात. मग मी त्यांना कादंबरीतले लग्नघर वाचून दाखवतो. त्याला कुठल्याच बखरीचा आधार लागत नाही. बाप लग्न टाकून निघाला, मुलगा दारात उभा. तिथे वर्ग गप्प होतो, आणि मला पेंटरांचा तो दिवा आठवतो. चढणाऱ्यांवर त्याचा उजेड पडला असेलच. घरी वाट पाहणाऱ्यांवर त्यांनी तो किती वेळ ठेवला होता, एवढेच मला त्या हरवलेल्या फितीत पाहायचे होते.