राजाचं मौन

थोर माणसाला आवडत्या पुस्तकांची यादी विचारली की गीता, उपनिषदं, फार तर टॉलस्टॉय एवढं यायचंच. लग्नपत्रिकेतल्या वडीलधाऱ्यांसारखी ती नावं वगळून चालत नाही. भगवान रजनीशांनी, म्हणजे पुढच्या ओशोंनी, अमेरिकेत ओरेगॉनला असताना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत पडल्यापडल्या अशी यादी सांगितली. तेव्हा त्यांचं जाहीर मौन चालू होतं, बरं का! १९८५ साली त्या यादीचं पुस्तक झालं. तीत गीता आहेच. पण लुई कॅरॉलच्या ॲलिसची दोन्ही पुस्तकंही आहेत. दात कोरून घेताना ज्याला ॲलिस आठवते, त्याच्याविषयी माझं मत एकदम सुधारलं.

या पुस्तकांचा त्यांच्या शिकवणुकीवर परिणाम झाला असेल का? छातीठोक सांगता येत नाही, पण खुणा आहेत. कॅरॉल गणिताचे प्राध्यापक, हे तत्त्वज्ञानाचे. आणि गंभीर चेहऱ्याचं दोघांनाही वावडं. कोरेगाव पार्कातल्या प्रवचनात बुद्धावर बोलता बोलता मध्येच मुल्ला नसरुद्दीन टपकायचा. ॲलिसला भेटलेला वेडा टोपीवाला उत्तर नसलेलं कोडं घालतो. झेन गुरूही तेच करतात. टोपीवाला फक्त शिष्य जमवत नाही.

घड्याळाचंही तसंच. सशाकडे एकच घड्याळ, तरी तो उशिराच पोचतो. भगवानांकडे घड्याळं अनेक, शिवाय नव्वदहून जास्त रोल्स रॉईस. त्यांना कुठं पोचायची घाई होती कोण जाणे!

इथवर हसू येतं. पण १९८४ साली त्यांच्या अनुयायांनी जवळच्या द डॅलस गावात हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. कारभार पाहणाऱ्या शीलाबाई पुढे तुरुंगात गेल्या. सगळा दोष त्यांचाच, असं भगवान म्हणाले. कॅरॉलच्या गोष्टीत राणी ऊठसूट मुंडकी उडवायचे हुकूम सोडते. पण राजा तिच्यामागून हळूच सगळ्यांना माफ करून टाकतो. ओरेगॉनला राणी होती, राजा मौनात होता.

आणि ॲलिस तर नव्हतीच. ती पोर येईल त्याला प्रश्न विचारते. शेवटी भर दरबारात ती राजाराणीला सुनावते, की तुम्ही नुसते पत्ते आहात. तेव्हा कुठे तिला जाग येते. भगवानांनी त्या पुस्तकातली गंमत उचलली असेलही. ॲलिसचा आगाऊपणा मात्र आश्रमात कुणाला परवडला नाही. पोरांना हे पुस्तक पहिल्या पानापासून द्यावं; भक्तांना शेवटच्या प्रकरणापासून.