दुर्गा खोटे : 'कुलीन' या विशेषणाच्या पलीकडे

दुर्गा खोटे (१९०५–१९९१) यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : चित्रपटात आलेली पहिली कुलीन घराण्यातील स्त्री. गौरवाचे हे वाक्य वरवर निरुपद्रवी वाटते. तथापि त्यामुळे त्यांच्या अभिनयाची चिकित्सा मागे पडली आणि त्यांच्या कारकीर्दीतील मोठा भाग, म्हणजे रंगभूमी, केवळ तळटिपेचा विषय झाला, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

मुळात हे विधान तपासून घेण्याजोगे आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या दोघींनी भूमिका केल्या. दोघी ब्राह्मण कुटुंबातील होत्या. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरणे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. 'कुलीन' याचा अर्थ केवळ जात असा घेतल्यास 'पहिली' हा मान १९३१-३२ च्या कितीतरी आधीच दिला गेला पाहिजे. तो दिला गेला नाही, कारण या शब्दाने जातीबरोबरच सॉलिसिटर वडिलांचे घर, कॅथीड्रल शाळा, सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि इंग्रजी वळणाचे राहणीमान सूचित केले जाते. पोटासाठी रंगभूमीवर आलेली स्त्री या व्याख्येत बसत नाही. गंमत अशी की, दुर्गाबाई खोटे यांनाही चित्रपटात आणले ते आर्थिक विवंचनेनेच. सासरची घडी विस्कटली होती व पदरी दोन मुलगे होते. 'फरेबी जाल' (१९३१) मधील छोट्या भूमिकेवरून त्यांना समाजाची बोलणी खावी लागली, तेव्हा हे कुलीनत्व त्यांना वाचवू शकले नाही. पुढे मात्र तेच त्यांचे बिरुद झाले.

शिरूर-दौंड परिसरातील जत्रांत तमाशाचे फड पाहत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना या शब्दाची दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला, परंतु त्यांच्या नावामागे हे विशेषण लावण्याचे कोणासही सुचले नाही.

व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अयोध्येचा राजा' (१९३२) या मराठीतील पहिल्या बोलपटात दुर्गाबाई तारामती झाल्या. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते. टेंबे यांच्या बोलण्यात संगीत नाटकाची आलापी जाणवते, तर दुर्गाबाईंचे उच्चार तुलनेने सरळ व संयत आहेत. त्यानंतर त्या एका कंपनीच्या बंधनात राहिल्या नाहीत. कोलकात्यास जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) व 'सीता' (१९३४) या चित्रपटांत कामे केली आणि 'अमरज्योती'साठी (१९३६) त्या पुन्हा 'प्रभात'मध्ये आल्या. नटनटी मासिक पगारावर कंपनीशी बांधलेल्या असण्याच्या काळात हे स्वातंत्र्य लहान नव्हे. त्यांच्या कुळापेक्षा याच निर्णयाचा अभ्यास अधिक व्हावयास हवा होता.

या चित्रपटांतील भूमिका एका ओळीत ठेवून पाहिल्या, तर तारामती, मीरा, सीता आणि पुढे 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई या सर्व सोशिक राजस्त्रिया आहेत. पडद्याने त्यांचे कुलीनत्व जणू भूमिकेतही उतरवून घेतले. अपवाद आहेत. 'अमरज्योती'तील समुद्री बंडखोर सौदामिनी, अत्रे यांच्या 'पायाची दासी'तील (१९४१) छळवादी सासू आणि 'पृथ्वीवल्लभ'मधील (१९४३) मृणालवती यांत त्यांचा आवाज वेगळा लागतो. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती आई. 'बिदाई'साठी (१९७४) फिल्मफेअर पारितोषिक मिळाले तेही आईच्याच भूमिकेसाठी.

रंगभूमीवर चित्र उलटे दिसते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई झाल्या आणि शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी लेडी मॅक्बेथच्या वळणाची भूमिका केली. दोन्ही स्त्रिया सत्तेची आकांक्षा धरणाऱ्या, रक्तपाताच्या सावलीत उभ्या राहिलेल्या. आनंदीबाईंना मराठी जनमानसाने 'ध'चा 'मा' करणारी म्हणून कायमची शिक्षा देऊन ठेवली आहे. अशा पात्राला दयनीय वा केवळ दुष्ट न होऊ देता उभे करणे ही त्या भूमिकेची मागणी होय. समोर नानासाहेब फाटक यांच्यासारखा भारदस्त आवाजाचा नट असताना ती पेलणे हे सोशिकपणाच्या भांडवलावर शक्य नव्हते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांच्या अभिनयाचा सन्मान केला, हे येथे ध्यानात घ्यावे. पद्मश्री (१९६८) आणि दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) नंतरचे.

मग ही आनंदीबाई आपल्या स्मरणात का नाही? एक कारण उघड आहे : चित्रफीत उरते, प्रयोग उरत नाही. दुसरे कारण आपल्या समीक्षेचे आहे. नाट्यसमीक्षा संहितेवर रेंगाळली आणि चित्रपटविषयक लेखन आठवणींत रमले. नटीच्या कामाचे वर्णन करणारी परिभाषाच आपण पुरेशी घडविली नाही, म्हणून तिच्या कुळाचे वर्णन सोपे गेले.

'मी, दुर्गा खोटे' (१९८२) हे आत्मकथनही याच दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे. शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादानंतर (२००६) ते मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचले, पण तेथेही वाचन मुख्यतः सामाजिक दस्तऐवज म्हणूनच झालेले दिसते. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) या आत्मकथनाशी त्याची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो आणि ती तुलना सहसा एका वाक्यात आटोपते : एक संयत, दुसरे बेधडक. हा निवाडा घाईचा आहे. हंसाबाईंच्या मोकळेपणाची दाद देताना दुर्गाबाईंच्या संयमाला केवळ घराण्याचा संस्कार म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच विशेषणाकडे परतणे होय. मिळकत, करार, दौरे, घरखर्च यांविषयी त्या ज्या व्यवहारी सुरात लिहितात, तो सूर एका कष्टकरी व्यावसायिक स्त्रीचा आहे, आणि त्याच सुरात कमलाबाई गोखले यांचे आयुष्यही वाचता येते.